गाळलेलं आडनाव

पहाटे अंगावर दुसरं पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं की मी कपाटातून सेफ्टी पिनांचा डबा काढते. आमच्या शहराची मॅरेथॉन हिवाळ्यात होते आणि आमच्या धावणाऱ्या गटाची सगळी नोंद माझ्याकडे असते. कुणाच्या टी-शर्टाचं माप काय, कुणाचा रक्तगट कोणता, कुणाचा गुडघा मागच्या वर्षीपासून कुरकुरतोय, केळं कोण खात नाही, हे सगळं माझ्या वहीत असतं. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये पंचवीसहून जास्त वर्षं काढली आहेत मी. नटबोल्टसुद्धा मोजल्याशिवाय आत घेतला नाही, मग माणसं कशी घेईन? "मंगलताईंच्या वहीत नाव नसेल ना, तर तुम्ही पळालाच नाहीत असं समजा," असं शकीलभाई नव्या लोकांना बजावतात. शकीलभाईंचं शहागंजात टायरचं दुकान आहे. वय पासष्ट. पळताना अखंड बोलतात आणि थांबले की गप्प होतात.

यंदा अशीच नावं वहीत उतरवत बसले होते. मोबाइलवर अर्ज येतात, तरी मी ते पुन्हा हाताने लिहिते. त्याशिवाय मला नोंद झाल्यासारखी वाटत नाही. सतरावं नाव लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. सुनंदा रामदास खरात. वयोगट पन्नास आणि पुढे. अंतर दहा किलोमीटर. नोकरी, पोलीस खातं. नुकतीच बदली होऊन शहरात आलेली.

या बाईचं आडनाव मी एकदा यादीतून गाळलं होतं. तेव्हा आम्ही दोघी एकोणीस वर्षांच्या होतो आणि रोज सोबत धावायचो. ते आडनाव नजरचुकीने राहिलं, असं मी नंतर लेखी दिलं. ते खोटं होतं. तिला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि त्यानंतर आम्ही कधी सोबत धावलो नाही. हे एवढंच. पण ते इतकी वर्षं तसंच पडून होतं.

मी तिला सगळ्यांना पाठवते तोच निरोप पाठवला. "नोंद झाली. नंबर घ्यायला शनिवारी सायंकाळी यावे." उत्तर आलं, "येते." तो एक शब्द मी दिवसभर अधूनमधून उघडून पाहत होते.

आमच्या गटाची एक रीत आहे. शर्यत संपली की मैदानाच्या कडेला लिंबाखाली सतरंजी टाकायची, पोहे आणि चहा घ्यायचा, आणि प्रत्येकाने आपलं एकच सांगायचं. पाय कुठे 'बस' म्हणाले आणि पुढे कसं आलात. वेळ सांगायची नाही, वेळ वहीत असतेच. माझी पाळी आली की मी दरवर्षी काहीतरी हलकंफुलकं सांगून मोकळी होते. यंदा सुनंदा त्या सतरंजीवर बसलेली असणार होती. तिच्यासमोर ते खरं सांगायचं, असं मी ठरवलं. वहीत लिहिलं नाही, पण ठरवलं.

*

तो हिवाळा आठवला की आधी वास येतो. जालना रोडवर चिकलठाण्याच्या बाजूला बिअरचे कारखाने होते. पहाटेच्या गार हवेत तिकडून उकडलेल्या धान्याचा, थोडा आंबूस, थोडा गोड वास यायचा. माझी आई म्हणायची, कुणाच्या तरी घरी घुगऱ्या करपल्या. सिडकोतल्या आमच्या घराला तेव्हा गिलावाही नव्हता आणि आजूबाजूचे निम्मे प्लॉट मोकळे होते. रात्री तिथं कोल्ही ओरडायची म्हणून सांगितलं तर आमच्या पल्लवीला खरं वाटत नाही. पल्लवी गटातली सगळ्यात धाकटी, शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. तिच्या दृष्टीनं सिडको म्हणजे जुनं शहर.

साडेपाचला घरातून निघायचं. रस्ता आतासारखा रुंद नव्हता, उड्डाणपूल तर नव्हतेच. दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं, मधून ट्रक. मुकुंदवाडीच्या फाट्याजवळ मैलाचा दगड होता, त्यावर सुनंदा बसलेली असायची. तळहातांत फुंकर मारत.

"आलीस का? मला वाटलं तुमच्या रजईनं आज सोडलंच नाय तुला."

"पाच मिनिटं तर झाली."

"पाच मिनिटांत मी विमानतळाच्या कुंपणाला हात लावून आले असते. चल."

मुकुंदवाडीच्या वस्तीत त्यांचं घर होतं. पत्र्याचं, पण दारात कण्हेर आणि आत भिंतभर पुस्तकं. तिचा भाऊ विद्यापीठात एम.ए. करत होता. आमच्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि माझी क्रमिक पुस्तकं.

आम्ही पंजाबी ड्रेसवर धावायचो. ओढणी छातीवरून आडवी घेऊन पाठीमागे गाठ. पांढरे कॅनव्हासचे बूट, रविवारी धुवायचे आणि वाळले की ओला खडू फासायचा. सोमवारी धावताना पायातून पांढरी धूळ उडायची. वाटेत एक चहाची टपरी होती. तिथला म्हातारा रोज ओरडायचा, "कुणीकडं आग लागली गं पोरींनो?" एकदा सुनंदा न थांबता म्हणाली, "तुमच्याच चुलीवर, बाबा. दूध उतू चाललंय बघा." म्हातारा खरंच मागे वळला. आम्ही हसून हसून वाकलो. त्या दिवशी पुढचा एक किलोमीटर वाया गेला.

सहाच्या सुमारास कारखान्यांचे भोंगे व्हायचे. प्रत्येकाचा आवाज निराळा. एक लांबलचक, एक घोगरा, एक मध्येच तुटणारा. तिसरी पाळी सुटायची आणि मफलर गुंडाळलेली माणसं सायकलींवरून समोरून यायची, डोळे लाल, कॅरियरला रिकामे डबे. त्या वर्षांत आमच्या बाजूला दर दोन-चार महिन्यांनी नवी कमान उभी राहायची, नव्या कंपनीची पाटी लागायची. 'कंपनीत लागला' या दोन शब्दांवर लग्नं ठरत. माझे वडील पैठणकडच्या एका खेड्यातून शेती भावांवर सोडून आले आणि कंपनीत लागले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते मशीन शॉपला होते. सुनंदाचे वडील, खरातकाका, त्याच कंपनीत पेंट शॉपला. त्यांच्या नखांच्या कडेला कायम रंग असायचा. सुनंदा सांगायची, आज निळा लॉट चाललाय, आज करडा. दोघांची बस एक, थांबा एक, बाक एक. दादांच्या डब्यातली भाकरी आणि खरातकाकांच्या डब्यातला ठेचा यांची अदलाबदल त्या बसमध्ये अनेक वर्षं चालली होती. माझ्या आईला ते ठाऊक होतं. ती डब्यात एक भाकरी जास्त टाकायची आणि त्याबद्दल काही बोलायची नाही.

हे सगळं आठवताना मला बरं वाटतं. वय झाल्यावर पहाटेच्या आठवणी जास्तच स्वच्छ दिसतात की काय, कोण जाणे. पण त्याच हिवाळ्यात दुसरंही काही चाललं होतं आणि ते वगळून हे सांगणं बरोबर नाही.

*

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आता होणार, असं त्या थंडीत रोज कुणीतरी सांगायचं. कितीतरी वर्षांचा तो लढा. आम्ही शाळेत जायला लागण्याच्या आधीपासूनचा. आमच्या गावाकडच्या वाड्या-वस्त्यांवर त्यात घरं जळली होती, हे मी मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून ऐकलं होतं. कुणाची, ते कुणी सांगायचं नाही आणि मी विचारायची नाही. त्या हिवाळ्यात चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या असायच्या. कधी अर्ध्यातच कॉलेज सुटायचं. अफवा तर पेपरच्या आधी यायच्या.

आमच्या घरात नामांतराला विरोध होता. दादा फार बोलत नसत. माझे धाकटे काका मात्र बोलत. ते गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानात कामाला होते आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन चौकातल्या बातम्या सांगत. "मराठवाडा म्हणजे आपली ओळख. तीच पुसणार का हे लोक?" असं म्हणत आणि चहा पीत. "हे लोक" म्हणताना त्यांचा हात नकळत मुकुंदवाडीच्या दिशेला जायचा. मी आत बसून सगळं ऐकायची. पहाटे पुन्हा त्याच दिशेला धावायला जायची.

धावताना सुनंदा आणि मी या विषयावर बोलत नव्हतो. एकदाच बोललो. विमानतळाच्या कुंपणाजवळ दम घ्यायला थांबलो होतो. तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तुमच्या घरी काय म्हणतेत?" तिनं विचारलं.

कशाबद्दल, हे विचारायची गरज नव्हती. मी म्हटलं, "काही नाही."

"बरंय तुमचं. आमच्या घरी तर दुसरं कायच म्हणत नायत. भाऊ राती पोस्टरं लिहीत बसतो. आई म्हणते, आधी जेव तरी."

मी बुटाची नाडी पुन्हा बांधली. ती बांधलेलीच होती.

*

शनिवारी सायंकाळी ती आली तेव्हा मी टेबलावर डबे मांडून बसले होते. नंबर, पिना, टी-शर्ट, सही. तिचे केस निम्मे पांढरे झालेले, पाठ मात्र ताठ. साध्या सलवार-कमीजमध्ये होती, पण चालण्यात खात्याची सवय दिसत होती. रांगेतले दोघे-तिघे आपोआप बाजूला सरकले.

"मंगल," ती म्हणाली.

"सुनंदा," मी म्हटलं. मग विचारलं, "टी-शर्ट मध्यम ना?"

"अर्जात लिहिलंय की."

मी चार पिना मोजून तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या पाहिल्या.

"मोजून देतेस अजून."

"पाच दिल्या की एक हरवते."

ती हसली नाही, पण हसणार होती असं मला वाटलं. सही करताना तिनं पूर्ण नाव लिहिलं. तिन्ही शब्द, सुटे सुटे. मागच्या माणसाला जागा दिली आणि गेली. मी पुढचा नंबर काढला.

*

तेव्हा चार-पाच किलोमीटरच्या पळण्यालाही लोक मॅरेथॉनच म्हणायचे. त्या हिवाळ्यात औद्योगिक वसाहतीतल्या काही कंपन्यांनी मिळून शहरात अशीच एक दौड ठेवली. वातावरण निवळावं हा हेतू असावा. मुलींसाठी पाच किलोमीटर. क्रांती चौकातून सुरुवात, मग पैठण गेट, गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, दिल्ली गेट आणि शेवट आमखास मैदानावर. पहिल्या तिघींना प्रमाणपत्र आणि ढाल. सुनंदाला पोलीस भरतीचा अर्ज भरायचा होता आणि त्याला खेळाचं प्रमाणपत्र जोडायचं होतं. ती त्या दौडीकडे नोकरीसारखी पाहत होती. मी मजा म्हणून.

कॉलेजातून आठ मुली जाणार होत्या. खेळाचे सर मला म्हणाले, "मंगल, तुझं अक्षर चांगलंय, कामही नीट असतं. यादी तूच कर." मी खूश झाले. आखलेला कागद घेतला. अनुक्रमांक, चेस्ट नंबर, पूर्ण नाव. आम्ही दोघी सोबत धावणार म्हणून मी आमचे नंबर लागोपाठ घेतले. एकवीस, मंगल आसाराम थोरे. बावीस, सुनंदा रामदास.

आणि तिथेच थांबले.

सरांनी सांगितलं होतं की यादीच्या प्रती निघणार. एक गुलमंडीच्या चौकात, एक शहागंजात, एक मैदानावरच्या स्टेजवर. मुली समोरून जातील तशी माइकवरून नावं पुकारणार. मी गुलमंडीचा चौक डोळ्यांसमोर आणला. ती गर्दी, ते तापलेले दिवस. त्या चौकात खरात हे आडनाव माइकवरून पुकारलं तर? कुणी दगड मारला तर? असं मी स्वतःला सांगितलं. सुनंदा रामदास एवढं पुरेसं होतं. रामदास हे आडनावही वाटू शकतं. मी तेविसाव्या नंबरवर गेले. बाकी सातही जणींची आडनावं मी लिहिली.

तिला विचारलं नाही. ती त्या दिवशी कॉलेजात होती, मागच्या बाकावर. उठून दहा पावलं चालले असते तर विचारता आलं असतं.

दौडीच्या सकाळी धुकं होतं. क्रांती चौकात आम्ही पन्नासेक मुली, हात चोळत उभ्या. खरातकाका तिच्यासाठी पहिली पाळी सोडून आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सोबत कंपनीतले चार-पाच जण. "आम्ही तिकडं आमखासला थांबतो, नाव ऐकायला," ते म्हणाले, आणि स्कूटरवर मागे बसून गेले. दादा कामावर होते.

पैठण गेटापर्यंत आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून आलो. ठरलंच होतं की शहागंजापर्यंत सोबत आणि पुढे जिचे पाय चालतील तिने जावं. दुकानांच्या फळ्या उघडत होत्या. एका दारात कुणी पाणी मारत होतं, त्याने हात थांबवून आम्हाला वाट दिली. गुलमंडीच्या अलीकडे माइकचा आवाज ऐकू यायला लागला. काका दुकानाच्या पायरीवर उभे होते, शेजारी त्यांचे मित्र.

"एकवीस नंबर, मंगल आसाराम थोरे. बावीस नंबर, सुनंदा रामदास."

काका जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. "शाबास! माझी पुतणी!" मग सुनंदाकडे हात करून मित्रांना म्हणाले, "अन् ही तिची मैत्रीण. काय पळती बघा." दोघींसाठी टाळ्या वाजवत होते.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. धावता धावता, जराशी मान वळवून. तिच्या पायांचा ताल एकदा चुकला. मग ती पुढे गेली. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि दमच पुरला नाही. सिटी चौकात तिची वेणी दिसत होती, शहागंजात तीही दिसेना. तिला इतकं जोरात पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. आजवर ती माझ्यासाठी हळू पळत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

ती दुसरी आली. मी अकरावी. मी मैदानात शिरले तेव्हा बक्षिसं सुरू झाली होती. माइकवरचे साहेब म्हणाले, "द्वितीय क्रमांक, सुनंदा रामदास." टाळ्या झाल्या. खरातकाका दोरीच्या पलीकडे उभे होते. शेजारचा माणूस त्यांना म्हणाला, "रामदास, पोरगी तर तुझीच दिसती. आडनाव कुठं गेलं?" खरातकाकांनी टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली घेतले आणि शर्टाची बाही सारखी करू लागले.

सुनंदा स्टेजवर गेली. ढाल घेतली नाही.

"साहेब, आडनाव राह्यलं माझं."

"यादीत एवढंच आहे," साहेब कागद पाहून म्हणाले.

"यादी चुकलीय. सुनंदा रामदास खरात. पुन्हा पुकारा."

"बरं, नंतर ऑफिसात दुरुस्त करून घ्या. चला, तृतीय क्रमांक..."

ती हलली नाही. हात बाजूला सरळ, जमिनीकडे न बघता उभी. अंगातून वाफा निघत होत्या. तिसरी आलेली मुलगी पायरीवर एक पाय ठेवून थांबली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, आयोजकांकडे पाहिलं. मैदानावर कुजबुज वाढली. पाच मिनिटं गेली असतील, मला तासाभराएवढी वाटली. शेवटी ते वैतागून माइकजवळ आले आणि तीन शब्द वाचावेत तसे वाचले. "सुनंदा. रामदास. खरात." तेव्हा कुठे खरातकाकांनी टाळ्या वाजवल्या. अगदी सावकाश, चार-पाच. तिने ढाल घेतली, प्रमाणपत्र घेतलं. प्रमाणपत्रावर शाईने दोनच शब्द होते.

खाली उतरून ती सरळ आमच्या मुलींकडे आली. "यादी कुणी केली?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला काही होऊ नये म्हणून," मी म्हटलं.

"मला विचारायचं होतंस."

त्या संध्याकाळी दादांनी जेवताना विचारलं, "यादी तू केली व्हती?" मी हो म्हटलं. त्यांनी भाकरी मोडली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर चपला काढता काढता आईला म्हणाले, "खरात आज दुसऱ्या बाकावर बसला." आईने डब्यातली ती जास्तीची भाकरी परत आलेली पाहिली आणि झाकण लावलं.

*

प्रमाणपत्र दुरुस्त करायला कॉलेजचं पत्र लागणार होतं. यादी करणाऱ्याने चूक मान्य केल्याचं. भरतीच्या अर्जाची मुदत जवळ आली होती. सरांनी मला खोलीत बोलावलं, कोरा कागद पुढे केला. सुनंदा दारात उभी होती.

"लिही," सर म्हणाले. "वरील विद्यार्थिनीचे आडनाव नजरचुकीने लिहावयाचे राहून गेले."

"सर," सुनंदा दारातून म्हणाली, "नजरचूक नव्हती ती. जे झालंय ते लिहू द्या तिला."

"अगं, अर्जात असंच लिहितात. उगाच कशाला वाढवायचं? वातावरण काय आहे बाहेर?"

सुनंदा माझ्याकडे पाहत होती. हातात पेन होतं. 'जाणूनबुजून' लिहायला चार सेकंद लागले असते. मग कॉलेजात चौकशी झाली असती, घरी कळलं असतं, काकांना कळलं असतं की त्या दिवशी टाळ्या कुणाला वाजवल्या. मी 'नजरचुकीने' लिहिलं. माझं अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

सुनंदाने कागद घेतला, घडी घातली. "झालं काम," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे मैलाच्या दगडावर कुणी नव्हतं. थोड्या वेळाने मला ती दिसली, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, एकटी, विमानतळाकडे जाताना. मधून ट्रक जात होते. तो हिवाळा संपेपर्यंत आम्ही एकाच रस्त्याच्या दोन कडांनी धावलो. त्यातच संक्रांतीच्या आसपास नामांतर झालं. त्या दिवशी मुकुंदवाडीत ढोल वाजत होते, आमच्या घरातून ऐकू येत होते. आमच्याकडे काका आले नाहीत आणि दादा रेडिओ बंद करून लवकर झोपले. उन्हाळ्यात सुनंदाची भरती झाली आणि ती गेली.

*

काल रविवारी शर्यत झाली. दहा किलोमीटर मी माझ्या वेगाने केले. मुकुंदवाडीच्या फाट्यावर आता मैलाचा दगड नाही, सिग्नल आहे. सुनंदा माझ्या बरीच पुढे होती.

सतरंजीवर नेहमीचे सगळे जमले. ताटल्या फिरल्या. शकीलभाईंनी सुरुवात केली. "अपना तो दिल्ली गेट पे ही खेल खतम था. पैर बोले, मियाँ, तुम जाओ, हम यहीं बैठते. मैंने बोला, चलो ना, आगे चाय है." पल्लवी म्हणाली की आठव्या किलोमीटरला तिला नोकरी सोडावीशी वाटली, "पळणं नाही, नोकरी." सगळे हसले. सुनंदाही हसली. ती माझ्या डावीकडे बसली होती, पाय लांब करून.

माझी पाळी आली. मी म्हटलं, माझे पाय आजपर्यंत जिथे थांबलेले आहेत ते सांगते. आणि सगळं सांगितलं. यादी, गुलमंडी, स्टेज, कोरा कागद. सुनंदाकडे न बघता सांगितलं, पण शेवटचं वाक्य तिच्याकडे वळून म्हटलं. "नजरचुकीने राहिलं नव्हतं. मी मुद्दाम गाळलं."

"ते मला ठाव आहे," सुनंदा म्हणाली.

मग पल्लवी म्हणाली, "पण ताई, तुम्ही त्यांच्या काळजीनंच केलं ना. दगडबिगड कुणी मारू नये म्हणून."

मी हो म्हणणार होते. इतकी वर्षं हो म्हणत आले आहे, स्वतःशीच. पण काल तोंडून हो निघेना. बावीस नंबर लिहिताना डोळ्यांसमोर जे आलं होतं, ते मला स्पष्ट दिसलं. त्यात दगड नव्हता. दुकानाच्या पायरीवर उभे असलेले काका होते.

"नाही," मी म्हटलं. "गुलमंडीवर आमची नावं लागोपाठ पुकारणार होते. काकांनी ऐकलं असतं, त्यांच्या मित्रांनी ऐकलं असतं की थोऱ्यांची पोरगी कुणाबरोबर पळते. मला घरी बोलणी बसली असती. पळणं बंद झालं असतं. दगडाचं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते तुझ्यासाठी नव्हतं, सुनंदा. माझ्यासाठी होतं."

सुनंदाने हातातला कप खाली ठेवला.

"हे नव्हतं मला ठाव," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुला माझी कीव आली. त्याचाच राग व्हता मला. एवढी वर्षं."

ती उठेल असं मला वाटलं. चपला सतरंजीच्या कडेलाच होत्या, गाडी मैदानाबाहेर उभी होती. शकीलभाईंनी पलीकडच्या बाईंना मानेनं खूण केली. त्या बाई पहिल्यांदाच धावल्या होत्या. अडखळत सांगू लागल्या की त्यांचे पाय पैठण गेटापाशी थांबले, आणि मग एका अनोळखी माणसाने त्यांना पाणी दिलं. सुनंदा एका हाताने पोटरी दाबत होती. बाईंचं सांगून होईपर्यंत ती माझ्या शेजारीच बसून ऐकत राहिली.